समूहातून बाहेर पडलेला आवाज : पीटर गॅब्रिएलची एकल कारकीर्द

‘एकल गायन’ म्हटले की भारतीय श्रोत्याच्या डोळ्यांसमोर मैफल येते. गायक मध्यभागी, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तानपुरे. गायक ‘एकल’ असला तरी एकटा नसतो आणि साथीदारांची नावे मैफलीत आवर्जून सांगितली जातात. रॉक संगीतातली परिस्थिती वेगळी आहे. तिथे बँड हाच कर्ता असतो. (मराठीत ‘बँड’ म्हटल्यावर वरात आठवते, पण इथे चार-पाच जणांचा कायमचा वाद्यसमूह अभिप्रेत आहे.) रचना, नाव, पैसा आणि भांडणे, सगळे सामायिक. म्हणून अशा समूहातून गायक बाहेर पडतो तेव्हा समीक्षेपुढे एक अवघड प्रश्न येतो : त्या आवाजातला नेमका कोणता भाग त्याचा होता?

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी इंग्लंडचा गायक पीटर गॅब्रिएल हे सोयीचे उदाहरण आहे. १९७५ मध्ये तो ‘जेनेसिस’ या समूहातून बाहेर पडला. त्यानंतर तोही टिकला आणि जेनेसिसही टिकली. बहुतेक वेळा फुटीनंतर एक बाजू कोलमडते आणि तुलना करायला काही उरत नाही. इथे दोन्ही बाजूंचे पुढील अनेक वर्षांचे काम उपलब्ध आहे. या टिपणाचे म्हणणे असे आहे की गॅब्रिएलने समूह सोडला, पण माणसांबरोबर काम करणे सोडले नाही. त्याने समूहाच्या जागी दुसरी व्यवस्था उभी केली. तिच्यात साथीदार तोच निवडणार होता आणि बंधनेही तोच घालणार होता. त्याचे सर्वोत्तम काम या व्यवस्थेतून आले, आणि त्याच्या पुढच्या काळातल्या अडचणीही तिथूनच आल्या.

मुखवट्यांची वर्षे

जेनेसिसची सुरुवात १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या चार्टरहाउस या निवासी शाळेत झाली. गॅब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स हे तिथले विद्यार्थी. पुढे फिलिप्स गेला. ड्रमवादक फिल कॉलिन्स आणि गिटारवादक स्टीव्ह हॅकेट आले. लांबलचक रचना, बदलते ताल, कथानकासारखी गीते अशी त्यांची शैली होती. १९७२ च्या ‘फॉक्सट्रॉट’ या अल्बममधले ‘सपर्स रेडी’ हे गीत सुमारे २३ मिनिटांचे आहे. या काळातल्या गीतांचे श्रेय सगळ्या समूहाच्या नावावर दिलेले असे, ही बाब लक्षात ठेवावी.

याच वर्षी डब्लिनच्या एका कार्यक्रमात गॅब्रिएल मध्येच आत गेला आणि बायकोचा लाल झगा व कोल्ह्याचे मुंडके घालून परत आला. इतर सदस्यांना त्याने आधी काही सांगितले नव्हते. वृत्तपत्रांत छायाचित्रे आली आणि समूहाचा भाव वाढला. त्यानंतर फूल, म्हातारा, पंखधारी आकृती असे अनेक वेश आले. वाद्य वाजवणारे बाकीचे चौघे बहुतेक खाली मान घालून वाजवत, आणि लोक पाहत होते ते गायकाकडे. मतभेदाचे बीज इथेच पडले. ज्यांनी संगीताचा मोठा भाग बांधला त्यांना वाटू लागले की श्रेय मुखवट्याला मिळते आहे. ही तक्रार पूर्णपणे खोटी म्हणता येणार नाही.

१९७४ च्या ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’ या दुहेरी अल्बममध्ये हा ताण उघड झाला. न्यूयॉर्कमधल्या राएल नावाच्या पोर्तो रिकन तरुणाची ही स्वप्नासारखी कथा आहे. जवळपास सगळे शब्द आपणच लिहिणार असा गॅब्रिएलचा आग्रह होता. त्यामुळे संगीत एका खोलीत आणि शब्द दुसऱ्या खोलीत अशी विभागणी झाली. त्यात चित्रपट दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनने त्याला काही लिहिण्यासाठी विचारले. शिवाय त्याची पहिली मुलगी जन्मतःच गंभीर आजारी होती आणि घर व समूह यांच्यात त्याची ओढाताण चालली होती. दौऱ्यात तो एका दृश्यासाठी असा फुगलेला पोशाख घालत असे की मायक्रोफोन तोंडाजवळ नेणेही कठीण होई. वेशाने आवाज गिळला, असेच तिथे अक्षरशः घडत होते. दौरा संपेपर्यंत त्याने निर्णय गुप्त ठेवला आणि ऑगस्ट १९७५ मध्ये वृत्तपत्रांना पत्र लिहून तो जाहीर केला.

जेनेसिस आता संपली असे अनेकांना वाटले. समूहाने नव्या गायकाचा शोध घेतला, कोणी पसंत पडला नाही, आणि शेवटी ड्रमवादक कॉलिन्सच पुढे येऊन गाऊ लागला. त्याच्या आवाजातला पहिला अल्बम १९७६ मध्ये आला आणि चांगला चालला. म्हणजे मुखवटे गेले तरी समूहाचे काही अडले नाही. गॅब्रिएलसाठी याचा अर्थ कडू होता. जेनेसिस म्हणजे आपणच, असे त्याला यापुढे म्हणता येणार नव्हते.

नाव आहे, चेहरा नाही

गॅब्रिएलच्या पहिल्या चार एकल अल्बमांना नावेच नाहीत. १९७७, १९७८, १९८० आणि १९८२ या चारही वर्षी मुखपृष्ठावर फक्त ‘पीटर गॅब्रिएल’. एकाच मासिकाचे अंक असावेत तशी त्याची कल्पना होती. श्रोत्यांनी ओळखीसाठी चित्रांवरून नावे पाडली : मोटार, ओरखडा, वितळणे. पण चित्रे नीट पाहा. पहिल्यावर पावसाने भिजलेल्या मोटारीच्या काचेमागे बसलेला माणूस. दुसऱ्यावर तो हातांनी चित्रच ओरबाडतो आहे. तिसऱ्यावर अर्धा चेहरा मेणासारखा ओघळलेला. चौथ्यावर चेहरा ओळखूच येत नाही. मंचावरचे मुखवटे उतरवणारा हा गायक छायाचित्रात मात्र अजून लपूनच होता. नाव स्वतःचे झाले, पण त्या नावाचा माणूस कसा दिसतो, कसा गातो, हे ठरायला आणखी काही वर्षे लागली.

पहिला अल्बम म्हणूनच विस्कळीत आहे. निर्माता बॉब एझ्रिन, मुद्रण मुख्यतः टोरोंटोला. एका गीतात चार पुरुषांनी मिळून गायच्या जुन्या अमेरिकी शैलीची नक्कल, दुसऱ्यात दणदणीत रॉक, तिसऱ्यात भव्य वाद्यमेळ. दुकानात शिरून प्रत्येक कपडा अंगाला लावून पाहावा तसे वाटते. तरी ‘सॉल्सबरी हिल’ हे एक गीत त्यातून वेगळे उभे राहते. बाथ शहराजवळची ही खरी टेकडी आहे. टेकडीवर गेलेल्या माणसाला हाक ऐकू येते आणि तो होते ते सोडून निघतो, असा आशय. समूह सोडण्याविषयीचे हे गीत असूनही त्यात आरोप नाहीत, सूड नाही.

त्याचा ताल आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम मोजावा. बहुतांश गीत सात मात्रांचे आहे. रूपक तालामुळे सात मात्रांची सवय आपल्याला आहे, जरी इथले खंड रूपकासारखे पडत नाहीत. रॉक ऐकणाऱ्याचा कान चारच्या पटीत चालतो, त्यामुळे प्रत्येक आवर्तनात त्याला एक पाऊल कमी पडल्यासारखे वाटते आणि गीत पुढे ढकलले जाते. जेनेसिसमध्ये विषम ताल हे वादकांच्या कौशल्याचे प्रदर्शन असे. इथे साध्या गिटारीवर तोच ताल अस्वस्थ पावलांचा होतो. समूहाकडून शिकलेली गोष्ट त्याने स्वतःच्या कामी लावल्याचे हे पहिले उदाहरण.

याच अल्बममधल्या ‘हिअर कम्स द फ्लड’चे मात्र नुकसान झाले. मूळ मुद्रणात वाद्यांचा एवढा लोंढा आहे की पुराविषयीचे गीत स्वतःच बुडते. गॅब्रिएलला ते पटले नव्हते. गिटारवादक रॉबर्ट फ्रिपच्या १९७९ च्या ‘एक्सपोजर’ या अल्बमसाठी त्याने ते अगदी मोजक्या साथीवर पुन्हा गायले आणि १९९० च्या संकलनासाठी पियानोवर पुन्हा एकदा. तिन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या तर गायक स्वतःच्या आवाजावर विश्वास ठेवायला कसा शिकला ते कळते. वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

झांजा काढून टाकल्या तेव्हा

माझ्या मते १९८० चा तिसरा अल्बम हा या कारकिर्दीचा कणा आहे. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅडगम. गॅब्रिएलने वादकांना एक अट घातली : ड्रमच्या संचातल्या धातूच्या झांजा वाजवायच्या नाहीत. रॉक ड्रमवादकाला ही अट म्हणजे बोलणाऱ्याला क्रियापदे वापरू नकोस म्हणण्यासारखी आहे. झांजा वाक्य जोडतात, मोकळी जागा भरतात, शेवट गाठून देतात. त्या गेल्या की फक्त ठोके आणि ठोक्यांमधली शांतता उरते.

त्या शांततेतून एक तांत्रिक शोध लागला. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत वादकांशी बोलण्यासाठी छताला एक मायक्रोफोन होता. त्यावरचे यंत्र लहान आवाज मोठे आणि मोठे आवाज दाबून ठेवत असे. ड्रम वाजत असताना तो चुकून सुरू राहिला आणि एक अजस्र आवाज ऐकू आला. पॅडगमने त्याला अशी जोड दिली की ठोक्याचा घुमारा वाढतो आणि विरण्याआधीच कापला जातो. मोठ्या दालनात दार धाडकन बंद व्हावे तसा तो ऐकू येतो. झांजा असत्या तर त्यांचा किणकिणाट या यंत्राने असह्य केला असता. म्हणजे आधी बंधन आले आणि शोध त्या बंधनामुळे शक्य झाला. पहिल्याच गीतात, ‘इन्ट्रूडर’मध्ये, घरात शिरणाऱ्या चोराच्या मनोगताखाली हाच ठोका आहे.

तो वाजवणारा ड्रमवादक कोण? फिल कॉलिन्स, म्हणजे जेनेसिसमध्ये गॅब्रिएलच्या जागी गाणारा माणूस. पुढच्याच वर्षी कॉलिन्सने तो ध्वनी स्वतःच्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये वापरला आणि मग संपूर्ण दशकाच्या पॉप संगीताने तो उचलला. या शोधाचा मालक कोण, असा वाद रॉकचे चाहते अजून घालतात. ध्वनिमुद्रक, वादक, अट घालणारा गायक आणि छताचा मायक्रोफोन यांपैकी एकाला वगळले तरी तो ध्वनी होत नाही, एवढे म्हटले की पुरे. ‘एकल’ या शब्दाचा पोकळपणा दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

अमेरिकेतल्या त्याच्या कंपनीला, अटलांटिकला, हा अल्बम विकण्याजोगा वाटला नाही आणि तिने तो नाकारला. दुसऱ्या कंपनीने तो तिथे काढला. ब्रिटनमध्ये तो पहिल्या क्रमांकावर गेला.

अल्बमचा शेवट ‘बिको’ने होतो. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय चळवळीचे नेते स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या ताब्यात मरण पावले. पोर्ट एलिझाबेथमध्ये कोठडीत मारहाण झाल्यावर जखमी अवस्थेत त्यांना शेकडो मैलांवरच्या प्रिटोरियाला नेण्यात आले होते. गीताची सुरुवात बातमीसारखी आहे : ठिकाण, महिना, हवामान. विशेषणे जवळपास नाहीत. आरंभी आणि अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या सामूहिक गायनाचे तुकडे आहेत, खाली ब्राझीलचा मोठा ढोल आणि वर बॅगपाइपसारखा सिंथेसायझरचा सूर. एका इंग्रज गायकाने हे गावे का, हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की त्याने बिकोंच्या वतीने बोलण्याचा प्रयत्न केलेला नाही. एक मृत्यू नोंदवून तो बाजूला होतो. मैफलीत हे शेवटचे गीत असे. गायक व वादक एकेक करून मंच सोडत, ढोल चालू राहत आणि प्रेक्षक गात राहत. कोल्ह्याचे मुंडके घालून सगळ्यांच्या नजरा खेचणाऱ्या माणसाने मंच रिकामा ठेवण्याचा मान आपल्या सर्वांत गंभीर गीताला द्यावा, हे सहज घडलेले नाही. १९८८ मध्ये अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवाधिकार दौऱ्यात स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन आणि युसू न्दूर यांच्याबरोबर तो नवी दिल्लीत आला होता. त्या दौऱ्यातही ‘बिको’ गायले जात होते.

उसने घेणे आणि नाव सांगणे

१९८२ चा चौथा अल्बम फेअरलाइट या सुरुवातीच्या संगणकीय वाद्यावर उभा आहे. बाहेरचे आवाज मुद्रित करून ते पट्ट्यांवर वाजवायचे, असे ते तंत्र. ‘द ऱ्हिदम ऑफ द हीट’ हे त्यातले गीत मानसशास्त्रज्ञ युंगच्या आफ्रिकेतल्या अनुभवावर आहे : ढोलांच्या नादात आपण हरवू अशी त्याला भीती वाटली. शेवटी ब्रिस्टलच्या एकोमे या समूहाचे ढोल सगळे गिळून टाकतात. ऐकताना अंगावर काटा येतो. तरी टीकाकाराने इथे थांबले पाहिजे. गीत युरोपीय माणसाच्या भीतीविषयी आहे आणि आफ्रिका त्या भीतीचे चित्र म्हणून येते. ‘बिको’मध्ये जो संयम होता तो इथे सुटला आहे.

त्याच वर्षी त्याने मित्रांसह ‘वोमॅड’ हा जगभरच्या संगीताचा महोत्सव इंग्लंडमधल्या शेप्टन मॅलेट येथे भरवला. बुरुंडीचे ढोलवादक आले, इंग्रज बँड आले, पण तिकिटे पुरेशी विकली गेली नाहीत आणि मोठे कर्ज झाले. ते फेडायला कोण आले? जेनेसिस. २ ऑक्टोबर १९८२ रोजी मिल्टन कीन्सच्या मैदानावर भर पावसात जुना समूह एका रात्रीपुरता एकत्र आला आणि गॅब्रिएलला शवपेटीतून मंचावर आणण्यात आले. विनोद काळा होता, पण त्या पैशामुळे महोत्सव वाचला.

१९८६ च्या ‘सो’ अल्बमवर प्रथमच स्वच्छ, सरळ चेहरा दिसतो आणि प्रथमच नाव, तेही कंपनीच्या आग्रहाखातर दिलेले आणि जवळपास अर्थशून्य. निर्माता डॅनियल लान्वा. ‘स्लेजहॅमर’ हे १९६०च्या दशकातल्या अमेरिकी सोल संगीताला केलेले वंदन आहे. त्यासाठी ओटिस रेडिंगबरोबर वाजवलेला तुतारीवादक वेन जॅक्सन बोलावला होता. जुलै १९८६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, आणि तिथून ज्या गीताला त्याने हटवले ते जेनेसिसचेच होते. त्याच्या चित्रफितीत पुन्हा चेहऱ्याशी खेळ आहे, पण आता लपण्यासाठी नाही, गंमत म्हणून. काचेखाली तासन्‌तास पडून त्याने एकेक चौकट चित्रित करू दिली. ‘सो’ हा सर्वांत लोकप्रिय अल्बम खरा. मला तो थोडा जास्तच चकचकीत वाटतो. ‘मर्सी स्ट्रीट’ आणि केट बुशबरोबरचे ‘डोन्ट गिव्ह अप’ यांत मात्र त्याचा खालच्या पट्टीतला खरखरीत आवाज पूर्ण उघडा आहे.

मार्टिन स्कोर्सेझीच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’साठी केलेले संगीत १९८९ मध्ये ‘पॅशन’ या नावाने आले. त्यात नुसरत फतेह अली खान यांचा आलाप आहे, एल. शंकर यांचे व्हायोलिन आहे, सेनेगलच्या युसू न्दूर व बाबा माल यांचे आवाज आहेत, इजिप्तचा ताल आणि आर्मेनियाची सुरवट आहे. गॅब्रिएल स्वतः फार कमी गातो. गायकाच्या कारकिर्दीतला एक महत्त्वाचा अल्बम आणि त्यात गायक मागे! टीका करायला जागा इथेही आहे. नुसरतसाहेबांचा आलाप कव्वालीच्या शब्दांपासून, टाळ्यांपासून, दर्ग्यापासून तोडून ख्रिस्ताच्या वेदनेखाली ठेवला आहे. मुखपृष्ठावर नाव एकाचेच आहे आणि अंतिम निर्णयही त्याचाच.

पण त्याच वेळी त्याने ‘पॅशन : सोर्सेस’ हा दुसरा अल्बम काढला. ज्या परंपरांमधून घेतले त्यांची मुद्रणे त्यात कलाकारांच्या नावांनिशी आहेत. त्याच वर्षी रिअल वर्ल्ड ही ध्वनिमुद्रण संस्था सुरू झाली आणि तिने नुसरतसाहेबांचा ‘शहेन-शाह’ पारंपरिक कव्वालीच्या रूपात प्रकाशित केला. पुढे मँडोलिनवादक यू. श्रीनिवास यांचे मुद्रणही तिथून आले. यामुळे ‘पॅशन’वरचे सगळे आक्षेप मिटत नाहीत. ‘वर्ल्ड म्युझिक’ नावाच्या कपाटात युरोप वगळून सारे जग कोंबण्याला या संस्थेचाही हातभार लागलाच. तरी मैफलीत साथीदाराचे नाव सांगण्याची जी रीत आपण मानतो, तिच्या जवळ जाणारे काम त्या काळच्या रॉकमध्ये फार थोड्यांनी केले.

पुढचे थोडक्यात सांगता येईल. ‘अस’ १९९२ मध्ये, ‘अप’ २००२ मध्ये, आणि नव्या गीतांचा पुढचा अल्बम ‘आय/ओ’ थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात इतरांची गीते ड्रम-गिटारीशिवाय वाद्यवृंदासह गाण्याचे प्रयोग झाले. अट घालून काम करण्याची जुनी खोड तिथेही दिसते. पण अटी त्याच्याच असल्या तर त्या मोडण्याची किंवा लांबवण्याची मोकळीकही त्याचीच. समूहात कोणीतरी म्हणते, ‘झाले, आता पुरे.’ इथे तसे म्हणणारा कोणी नव्हता. ‘आय/ओ’ची बारा गीते वर्षभर दर पौर्णिमेला एक अशी प्रकाशित झाली, आणि प्रत्येकाची दोन मिश्रणे निघाली : एक उजेडाचे, मार्क स्टेंटने केलेले, आणि दुसरे अंधाराचे, चॅड ब्लेकने केलेले. गायकाने त्यांतले एक निवडले नाही. दोन्ही श्रोत्याच्या हाती दिली. विद्यार्थ्यांनी एकच गीत दोन्ही मिश्रणांत ऐकावे आणि आवाज कुठे पुढे येतो, कुठे वाद्यांत मिसळतो ते टिपावे. मला अंधाराचे मिश्रण अधिक पटते. तिथे ठोक्यांमधली मोकळी जागा पुन्हा ऐकू येते.